मांचू भाषेतील अंक : काही घरचे, काही शेजारचे

मांचू भाषेत अकराला ‘जुवान एमु’ म्हणतात. ‘जुवान’ म्हणजे दहा आणि ‘एमु’ म्हणजे एक. बारा म्हणजे ‘जुवान जुवे’, अर्थात दहा आणि दोन. रचना इतकी सरळ असूनही वर्षाच्या अखेरच्या दोन महिन्यांची नावे मात्र निराळीच आहेत. अकरावा महिना ‘ओमशोन’, तर बारावा ‘जोरगोन’. पंधराही ‘जुवान सुंजा’ नव्हे, ‘तोफोहोन’.

मांचू ही तुंगूसी कुळातील भाषा. सैबेरियातील एवेंकी आणि आमूर नदीकाठची नानाई या तिच्या बहिणी. एक ते दहा हे अंक या कुळाचे स्वतःचे आहेत. तीनला तिन्ही भाषांत ‘इलान’, सातला ‘नादान’. मांचूतील आठ म्हणजे ‘जाकून’, तोच नानाईत ‘जाकपुन’. अडचण सुरू होते ती दहाच्या पुढे.

मांचूंचे पूर्वज जुर्चेन. चीनच्या मिंग दरबाराने १४०७ मध्ये भाषांतर कार्यालय स्थापन केले. तेथील जुर्चेन शब्दसंग्रहात अकरा ते एकोणीस या प्रत्येक अंकाला स्वतंत्र शब्द आढळतो. बारा ‘जिरहोन’, तेरा ‘गोरहोन’, चौदा ‘दुरहोन’. जुन्या मंगोल भाषेत दोन, तीन, चार म्हणजे ‘जिरिन’, ‘गुरबान’, ‘दोरबेन’. हे साम्य बेर्थोल्ड लाउफर यांनी १९२१ मध्ये तपशिलाने मांडले. परंतु मंगोल लोक तेराला ‘आरबान गुरबान’, म्हणजे दहा-तीन असेच म्हणतात. त्यामुळे हे शब्द मंगोल भाषेच्या एखाद्या भगिनीभाषेतून आले असावेत, असे मानले जाते. अभ्यासकांचे बोट खितान भाषेकडे जाते आणि इतिहास त्याला दुजोरा देतो. आगुदाने १११५ मध्ये जिन राजवंश स्थापन करेपर्यंत जुर्चेन हे खितानांच्या ल्याओ साम्राज्याचे मांडलिक होते. पुढे मांचूंनी दहा-एक, दहा-दोन अशी घरची रीत स्वीकारली. जुने शब्द उरले ते महिन्यांच्या नावांत आणि पंधरामध्ये.

मोठ्या संख्यांतही शेजाऱ्यांचा वाटा दिसतो. मांचूतील वीस ‘ओरिन’, तर मंगोलमध्ये ‘खोरिन’. हजारला दोन्हीकडे ‘मिंगान’. आपण ‘सहस्र’ असतानाही फारसीतला ‘हजार’ घेतलाच की!

या साऱ्याला एका मोठ्या वादाची पार्श्वभूमी आहे. तुर्की, मंगोल आणि तुंगूसी भाषांचे मूळ एकच, असे अल्ताई सिद्धांत सांगतो. त्यावर जेरार्ड क्लॉसन यांनी १९५६ मध्ये कठोर टीका केली. संस्कृत ‘सप्त’ आणि लॅटिन ‘सेप्टेम’ यांचे नाते कानालाही जाणवते. येथे मात्र एक ते तीन तुर्कीत ‘बिर, इकि, उच’, मंगोलमध्ये ‘निगेन, खोयार, गुरबान’ आणि मांचूत ‘एमु, जुवे, इलान’. ‘नादान’ आणि जपानी ‘नाना’ (सात) यांचे साम्य काहीजण पुढे करतात. पण एका शब्दावर कुळ ठरवणे धाडसाचेच.

मांचुरियात आज मांचू जन्मभाषा म्हणून बोलणारे मोजकेच वृद्ध उरले आहेत. मात्र चिएनलुंग सम्राटाने १७६४ मध्ये पश्चिमेकडील शिनच्यांगच्या सीमेवर धाडलेल्या शिबे सैनिकांचे वंशज या भाषेचेच एक रूप बोलतात आणि तिच्याच अंकांनी मोजतात.