तिथी गुणिले पाऊण

आमच्या ऑफिसात दर दोन-तीन वर्षांनी कुणाला ना कुणाला समुद्राची लागण होते. या वेळी ती आमच्या टीममधल्या एका मित्राला झाली. नोकरी सोडून शिडाच्या बोटीतून बेटाबेटांवर हिंडणाऱ्या एका परदेशी जोडप्याचे व्हिडिओ त्याने महिनाभर पाहिले, आणि मग आम्हा सहा जणांसमोर एक एक्सेल शीट उघडली. थायलंड, सात दिवस, भाड्याची शिडाची बोट, बरोबर एक कप्तान, रोज नवं बेट. शेवटच्या ओळीतला आकडा बघून सगळे गप्प झाले आणि कुणीतरी चहा मागवला.

अशा वेळी गप्प बसावं. पण मी बोलून गेलो, "माझं गाव एडवण. पालघर जिल्ह्यात, अगदी समुद्रावर. आधी तिकडे जाऊ. बोट आहे, खाली अर्नाळ्याचं बेट आहे."

"शीड आहे का?" मित्राने विचारलं.

शीड नव्हतं. पण थायलंडच्या तुलनेत खर्च इतका कमी होता की ठराव एकमताने पास झाला. फेब्रुवारीतला एक शनिवार ठरला. सकाळी आठला समुद्रात, अकराला अर्नाळा, संध्याकाळी परत. मीटिंगचं आमंत्रणसुद्धा सगळ्यांना गेलं. आमच्या धंद्यात एवढं झालं की काम झालं असं समजतात!

शुक्रवारी रात्री सफाळ्याला उतरून घरी पोचलो. शनिवारी बरोबर आठला पाठीवर सॅक आणि डोक्यावर टोप्या घालून सगळे किनाऱ्यावर हजर. समोर बोट होती. समुद्र मात्र नव्हता.

म्हणजे होता, पण लांब. मधे नुसता चिखल आणि ओली वाळू, आणि त्यात बोट एका कुशीवर कलंडून निवांत पडलेली. शेजारी तांडेल काका बीडी ओढत बसले होते. सत्तरीच्या पुढचे, नात्याने लांबचे काका. माझ्याकडे बघून म्हणाले, "उद्या काय आहे?"

"रविवार," मी म्हणालो.

"रविवार कसला? उद्या संकष्टी. म्हणजे आज तृतीया. तीन गुणिले पाऊण किती?"

"सव्वादोन."

"मग सव्वादोनला पूर्ण भरती, आणि आता सव्वाआठला पार सुकती. तू एडवणचा ना रे?"

मंडळी, त्या एका प्रश्नाने जेवढा अपमान झाला तेवढा कुठल्याही अप्रेझलमध्ये झालेला नाही.

हिशेब असा आहे. पंधरवड्यातली तिथी घ्यायची आणि पाऊणने गुणायची. उत्तर येईल त्या वाजता भरती, दिवसा एकदा आणि रात्री एकदा. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा-अमावास्येला साधारण बाराच्या आसपास, आणि त्या दिवसांत उधाण. मधल्या अष्टमी-नवमीच्या सुमारास पाणी कमी चढतं-उतरतं, तो भांग. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. मुंबईपासून किनाऱ्याने वरखाली गेलं की थोडा फरक पडतो, पण कामाला पुरतं. चंद्र रोज साधारण पाऊण तास उशिरा उगवतो, म्हणून हा पाऊणचा गुणाकार. एका ओळीचा अल्गोरिदम, बॅटरी लागत नाही. आमच्या घरी संकष्टीला चंद्रोदयाची वेळ कॅलेंडरवर बघून उपास सोडतात. तोच चंद्र घरासमोरचं पाणी चढवतो-उतरवतो, हे मात्र मला शाळेतल्या भूगोलापुरतंच ठाऊक होतं.

बोट तरंगायला बारा-सव्वाबारा होणार होते. म्हणजे हातात चार तास. मोबाइलला रेंजही यथातथाच. मग काका बोलत राहिले, मी अधूनमधून वाचलेलं सांगत राहिलो, आणि त्यातून जे जमलं ते इथे लिहितो आहे.

पहिली गोष्ट म्हणजे आपण ज्याला समुद्र'किनारा' म्हणतो तो इथल्या लोकांना गावाची कड वाटत नव्हता. तो रस्ता होता. आमच्या खाली वैतरणेचं मुख, त्यापलीकडे आगाशी, आणि थोडं आत सोपारा. सोपाऱ्याचं नाव पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात बंदर म्हणून येतं, आणि अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे तिथे सापडले आहेत. वरच्या अंगाला तारापूरला लागून चिंचणी आहे. त्या चिंचणीत राष्ट्रकूट काळातले ताम्रपट मिळाले. त्यांतला शके ८४८ चा, म्हणजे इसवी सन ९२६ चा ताम्रपट मला फार आवडतो. त्या वेळी संजाणच्या प्रदेशावर राष्ट्रकूटांच्या वतीने मधुमती नावाचा अधिकारी होता. मधुमती म्हणजे मुहम्मद, जातीने 'ताजिक', म्हणजे अरब. त्याने काय केलं? दोन प्रवाहांवर फुकट तर सुरू केली, आणि संजाणला एक अन्नछत्र काढलं. तिथे भात, कालवणं आणि तूप मोफत. अकराशे वर्षांपूर्वी या भागात चांगला अधिकारी कोण, तर लोकांना पाण्यापलीकडे नेणारा आणि जेवू घालणारा.

मग सोळावं शतक. आगाशी तेव्हा जहाजबांधणीसाठी नावाजलेली होती. १५३० च्या सुमारास पोर्तुगीजांनी ती जाळली. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसईचा मुलूख त्यांना दिला आणि पुढची दोनशे वर्षं इथल्या पाण्याला मालक आला. व्यापारी जहाजाला पोर्तुगीजांचा परवाना हवा, त्याला 'कार्ताझ' म्हणत. परवाना नसेल तर माल जप्त. किनाऱ्यावर मैलामैलावर लहानमोठे कोट उभे राहिले. दातिवरे, केळवे, माहीम, शिरगाव, तारापूर अशी ती माळच आहे. केळव्याचा पाणकोट तर भरतीच्या वेळी अगदी नांगरलेल्या जहाजासारखा दिसतो. लहानपणी मला खरंच वाटायचं की पूर्वी तो चालत असेल.

ही माळ मराठ्यांनी तोडली. १७३७ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत अर्नाळ्याचं बेट घेतलं गेलं. बेट लहानसं, पण वैतरणेच्या तोंडात बसलेलं. ते ज्याच्या हातात त्याला नदीतून येणारंजाणारं प्रत्येक गलबत दिसणार. म्हणून वसई पडायची वाट न बघता मराठ्यांनी लगेच तिथला किल्ला नव्याने बांधायला घेतला. बांधणाऱ्याचं नाव दरवाजावरच्या शिलालेखात आहे, बाजी तुळाजी. इमारत बांधणाऱ्याचं नाव दारावर असणं ही आपल्याकडे किती दुर्मीळ गोष्ट! (आमच्या कोडमध्येसुद्धा नसतं.) पुढे जानेवारी १७३९ मध्ये माहीम आणि तारापूर पडलं. तारापूरच्या लढाईत बाजी भिवराव रेठरेकर कामी आले. उत्तरेकडचे कोट गेल्यावर वसई एकटी पडली आणि मे १७३९ मध्ये, पावसाळ्याने समुद्र बंद व्हायच्या आत, तीही आली.

"मग हे सगळं शिडावर?" आमच्या मित्राचा प्रश्न.

शिडावर आणि वल्ह्यांवर. गुराब मोठी, दोन-तीन डोलकाठ्यांची. गलबत लहान, वारा पडला तर वल्ह्यांनी पळणारं. दोन्हींचा तळ उथळ, त्यामुळे जिथे परदेशी मोठं जहाज चिखलात बसेल तिथून ही निघून जात. आणि वारा? तो इथे घड्याळासारखा आहे, असं काकांनी सांगितलं. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वाहतो तो मतलई. तो घेऊन बाहेर जायचं. दुपारी समुद्रावरून वारा येतो, तो घेऊन घरी यायचं. जून ते नारळी पौर्णिमा बोट काठावर, झावळ्यांखाली. वारा, पाणी आणि चंद्र असं तीन जणांचं वेळापत्रक जुळवता येईल तो तांडेल.

माझे पणजोबा पडावावर होते. लाकूड, गवत आणि इकडची विड्याची पानं घेऊन मुंबईला जायचे. एवढंच मला माहीत आहे. कारण त्यांच्या मुलाने, म्हणजे माझ्या आजोबांनी, रेल्वे धरली, वडिलांनी बोईसरला कारखाना धरला, आणि मी लॅपटॉप.

यात कुणाची चूक नाही. १८६४ मध्ये गुजरातकडून येणारी रेल्वे मुंबईत ग्रँट रोडला पोचली. रूळ टाकले गेले ते किनाऱ्यापासून आत. आता आपल्या लाइनवरची स्टेशनं आठवा. वसई रोड, केळवे रोड, डहाणू रोड. हा 'रोड' काय म्हणतोय? की गाव इथे नाही, गाव तिकडे समुद्रावर आहे, इथून रस्ता जातो. शेकडो वर्षं गावाचं पुढचं दार पश्चिमेला होतं. गाडी आली आणि पुढचं दार पूर्वेला झालं. समुद्र परसात गेला. पुढे १९५० नंतर मासेमारीच्या होड्यांना इंजिनं लागत गेली आणि शीडही उतरलं. काका म्हणाले, "शीड मी पोरगा असताना ओढलंय. इंजिन आलं तेव्हा आम्ही नाचलो होतो. वारा पडला की दोन दोन दिवस पाण्यात उपाशी बसायचं, ते तुमच्या व्हिडिओत दाखवतात का?"

नाही दाखवत.

मी त्यांना म्हटलं, आपल्याकडेही असे वेडे आहेत. कमांडर दिलीप दोंदे ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून 'म्हादेई' या शिडाच्या बोटीतून एकटे निघाले आणि मे २०१० मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून मुंबईतच परतले. असं करणारे ते पहिले भारतीय. बोट गोव्यात, दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधलेली. काकांनी शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं, "परत आल्यावर बायकोने घरात घेतला का?"

साडेअकराला पाणी बोटीला लागलं. आधी बोट थोडी हलली, मग सरळ झाली, जणू झोपेतून उठून बसली. सव्वाबाराला निघालो. इंजिनाच्या धडधडीत कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नव्हतं. कोरे गेलं, दातिवरे गेलं, वैतरणेच्या तोंडाशी पाण्याचा रंग बदलला आणि समोर अर्नाळ्याची तटबंदी वर आली. बरोबर पूर्ण भरतीला बोट बेटाला लागली. काकांनी आम्हाला उतरवलं आणि थांबलेच नाहीत. चारच्या आत परतले नसते तर एडवणला पुन्हा चिखल होता.

किल्ल्यात त्र्यंबकेश्वराचं देऊळ आहे, समोर अष्टकोनी तळं आहे, दरवाजावर हत्ती आणि वाघ कोरलेले आहेत. तटाबाहेर एक सुटा गोल बुरूज उभा आहे. बेटावर वस्ती आहे, शाळेची मुलं आहेत. ही माणसं आजही बाजाराला होडीनेच जातात. आमचा मित्र बराच वेळ धक्क्यावर बसून त्यांची चढउतार बघत होता. आपण ज्यासाठी एक्सेल शीट करतो ते यांचं रोजचं आहे, आणि अडचणीचं आहे, हे त्याला दिसलं असावं. आम्ही तरीतून पलीकडे आलो, विरारची बस पकडली आणि गर्दीत उभे राहून घरी गेलो.

काकांचा मुलगा एमआयडीसीत आहे. त्याला गुणाकार येतो, पण तिथी विचारायचं कारण पडत नाही. वर डहाणूजवळ वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली. प्रकल्पाचा मंजूर खर्च ७६,२२० कोटी रुपये. मच्छीमारांचा त्याला विरोध आहे, आणि नोकरीची वाट बघणारी पोरंही याच गावांत आहेत. समुद्र पुन्हा रस्ता होईल, पण तो कुणाचा असेल, ही धास्ती काकांच्या बोलण्यात सारखी येत होती. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही.

मी माझ्यापुरतं एकच केलं. घरी येऊन तिथीवरून भरतीची वेळ सांगणाऱ्या पाच ओळी लिहिल्या आणि फोनवर टाकल्या. मग काकांना फोन करून दिमाखात सांगितलं, "काका, येत्या शनिवारी दशमी. भरती साडेसातला."

"बरोबर," काका म्हणाले. "मग येतोस का?"

ऑफिसची रिलीज होती. नाही म्हणालो.