गुणपत्रिका आणि धावफलक

दादरच्या एखाद्या शाळेचा इतिहास कोणत्या कागदांवरून लिहावा, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. शाळांच्या स्मरणिकांत संस्थापकांचे छायाचित्र, शालान्त परीक्षेचे निकाल, गुणवत्ता यादीत झळकलेली मुले आणि अखेरच्या पानांवर क्रीडा विभाग असा क्रम बहुधा ठरलेला असतो. भवानीशंकर मार्गावरील शारदाश्रम विद्यामंदिराच्या बाबतीत मात्र लोकस्मृतीने हा क्रम उलटा केला. ही शाळा महाराष्ट्राबाहेर ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ती ६६४ या आकड्यामुळे ठाऊक आहे.

फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शील्डचा उपान्त्य सामना झाला. समोर सेंट झेवियर्स हायस्कूल. विनोद कांबळी नाबाद ३४९, सचिन तेंडुलकर नाबाद ३२६. शारदाश्रमचा डाव २ बाद ७४८ वर घोषित झाला. त्या भागीदारीचा विक्रम १८ वर्षे टिकला. २००६ मध्ये हैदराबादच्या शाळकरी मुलांनी तो मोडला. मात्र ज्यांच्या गोलंदाजीवर या धावा निघाल्या, त्यांत पुढे भारताकडून खेळलेला साईराज बहुतुले होता, हे सहसा कोणी सांगत नाही. समोरच्या संघात अगदीच नवशिके खेळत होते, असा समज त्यामुळे उगाच रूढ झाला आहे.

आमचा मुद्दा वेगळा आहे. या यशात शाळा म्हणून शाळेचा वाटा नेमका किती? प्रवीण आमरे, कांबळी, तेंडुलकर, अमोल मुझुमदार, अजित आगरकर ही शारदाश्रमची नावे खरी. पण ती घडली शिवाजी पार्कवर, रमाकांत आचरेकरांच्या जाळ्यांत. शिवाजी पार्क १९२५ मध्ये महानगरपालिकेने लोकांसाठी खुले केले आणि १९२७ मध्ये त्याला शिवाजी महाराजांचे नाव मिळाले. त्यामागे नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांचा पुढाकार होता. आचरेकर हे स्टेट बँकेतले नोकरदार. त्यांच्या नावावर प्रथम श्रेणीचा एकच सामना जमा आहे. म्हणजे मैदान पालिकेचे, गुरू बँकेतला, आणि ज्या शील्डमुळे या सगळ्याला अर्थ आला ते एका इंग्रज गव्हर्नरच्या नावाचे. शाळेने दिले ते आपले नाव, संघात एक जागा आणि हजेरीपटावरची उदारता. ही शेवटची गोष्ट आम्ही क्षुल्लक मानत नाही. मुलगा वर्गात नाही, याचा अर्थ तो वाया चालला आहे असा नव्हे, हे मान्य करणारी शाळा दादरसारख्या वस्तीत सहज सापडत नसे.

कारण या वस्तीचा खरा धर्म परीक्षा हाच होता. नोकरदार मध्यमवर्गाला दहावीच्या गुणांइतका भरवशाचा जिना दुसरा नव्हता. मंडळाने पुढे गुणवत्ता यादी बंद केली, तरी टक्केवारीचा धाक ओसरला नाही. खेळाडूंना शालान्त परीक्षेत सवलतीचे गुण मिळतात, ही तरतूदही याच मनोवृत्तीची निशाणी म्हणावी लागेल. खेळाची किंमत करायची, तर ती आधी गुणांच्या चलनात बदलून घ्यावी लागते.

या पार्श्वभूमीवर साहित्याच्या विद्यार्थ्यांनी एक नाव ध्यानात ठेवावे. कीर्ती महाविद्यालयात मराठी शिकवणारे कवी रमेश तेंडुलकर यांनी आपल्या मुलाला, आचरेकरांच्या सल्ल्यावरून, वांद्र्याची शाळा सोडून शारदाश्रममध्ये जाऊ दिले. रोजची दगदग वाचावी म्हणून शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे ठेवले. आयुष्यभर पुस्तकांत रमलेल्या माणसाने घेतलेला हा निर्णय आम्हांला त्या ३२६ धावांहून अधिक विलक्षण वाटतो.

मात्र हा जिना सर्वांच्या दारात नव्हता. दादरहून दोन स्थानके दक्षिणेला, लालबाग-परळच्या चाळींतल्या मुलांचा खेळ होता कबड्डी. त्याला मंडळाचे अंगण पुरे, आणि त्याचा आश्रय शाळेत नसून मंडळांत आणि गिरण्यांत. जानेवारी १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचा आधार ढासळला. त्या मुलांचे धावफलक कोणत्याही शाळेच्या स्मरणिकेत सापडत नाहीत.

शारदाश्रमच्या त्या सामन्यातही एक मुलगा असाच पानाबाहेर राहिला. अमोल मुझुमदार पॅड बांधून आपली पाळी येण्याची वाट पाहत बसला होता. ती आलीच नाही. पुढे रणजी पदार्पणात त्याने हरियाणाविरुद्ध २६० धावा केल्या, प्रथम श्रेणीत ११ हजारांवर धावा जमवल्या, पण भारताची टोपी त्याला कधीच मिळाली नाही. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला, तेव्हा त्यांचा प्रशिक्षक हाच मुझुमदार होता. शाळेने माणसाला काय दिले, हे मोजायचे असल्यास आम्ही ६६४ आधी याच्याकडे पाहू.

शालेय क्रिकेटचे केंद्र मात्र दादरहून केव्हाच सरकले. २००९ मध्ये सर्फराज खानने ४३९ आणि २०१३ मध्ये पृथ्वी शॉने ५४६ धावा केल्या, त्या वांद्र्याच्या रिझवी स्प्रिंगफील्डकडून. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणच्या के. सी. गांधी शाळेच्या प्रणव धनावडेने नाबाद १००९ केल्या. मुंबई क्रिकेट संघटनेने रिक्षाचालकाच्या या मुलाला दरमहा दहा हजारांची शिष्यवृत्ती दिली. ती त्याने पुढच्याच वर्षी सोडली. प्रतिस्पर्धी आर्य गुरुकुलचे डाव ३१ आणि ५२ धावांत आटोपले होते. त्या संघातली बरीच मुले वयाने लहान होती आणि चामड्याच्या चेंडूचा त्यांना सराव नव्हता, असे तेव्हाच छापून आले. त्या दिवशी मैदानात दोन्ही शाळा होत्या. वर्तमानपत्रांना मात्र एकीचीच मुलाखत हवी होती.