कुळाचें कवच

भाषा, धर्म, आचार बव्हंशीं एक. असें असूनही सोमालिया देश दुभंगला तो कुळाभिमानानें. १९६९ सालीं सैन्याच्या बळावर सत्ता घेणाऱ्या सियाद बारे यानें कुळाचा उच्चारही निषिद्ध ठरविला. त्या अभिमानाच्या प्रतिमा करून त्यांना समारंभपूर्वक मूठमाती दिली. परंतु राज्याचीं सूत्रें राहिलीं तीं त्याच्या आप्तकुळांच्याच हातीं. १९९१ च्या जानेवारींत तो पळाला आणि मोगादिशू शहर कुळांच्या टोळ्यांनीं वांटून घेतलें. पुढें २००० सालीं जिबूतींतील आर्ता येथें तोड निघाली: प्रतिनिधिसभेंत चार मोठ्या कुळांना एकेक समान वांटा, उरलेल्या सर्वांना मिळून अर्धा!

देशोधडीस लागलेल्यांपैकीं कित्येक दक्षिण आफ्रिकेंत गेले. तेथील कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत त्यांनीं किराणा मालाचीं दुकानें थाटलीं. भांडवलास कुळबंधूंचा हात लागला. मायदेशीं जें नातें वैरास कारण झालें, तेंच परदेशीं पेढी बनलें. पण बेकारीनें गांजलेल्या वस्त्यांना हीं दुकानें खुपूं लागलीं. २००६ मध्यें केपटाउननजीक मासिफुमेलेले येथें तीं लुटलीं गेलीं. २००८ च्या मे महिन्यांत जोहान्सबर्गच्या अलेक्झांड्रा वस्तींत वणवा पेटला, आणि तो पसरत जाऊन ६२ माणसें प्राणांस मुकलीं. सोमाली, मोझांबिकी, झिंबाब्वेचे, सारेच त्यांत होरपळले. जमावानें कोणाचें कूळ विचारलें नाहीं. ‘परका’ एवढें पुरें होतें. मात्र मृतांपैकीं २१ जण दक्षिण आफ्रिकेचेच नागरिक होते. ‘आपला कोण?’ हा प्रश्न शस्त्र हातीं घेऊन विचारला, म्हणजे आपलाही वांचतोच असें नाहीं.