कर्मवीर दादासाहेब गायकवाड आणि भाकरीचा प्रश्न

बाबासाहेबांचे चरित्र आपल्या वस्तीतल्या लहान पोरालाही ठाऊक असते. पण त्यांच्यामागे पक्षाचा गाडा ज्यांनी ओढला, त्यांना आपण विसरत चाललो आहोत. त्यांत पहिले नाव कर्मवीर दादासाहेब गायकवाडांचे.

भाऊराव कृष्णराव गायकवाड यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ रोजी नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात आंबे या गावी झाला. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. बाबासाहेब गोलमेज परिषदेसाठी विलायतेला गेले, तेव्हा नाशिकची आघाडी दादासाहेबांनीच सांभाळली. १९३७ साली स्वतंत्र मजूर पक्षातर्फे ते मुंबई विधिमंडळात गेले. १९५७ साली संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत नाशिकहून लोकसभेवर निवडून आले.

३ ऑक्टोबर १९५७ ला नागपुरात रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. पण थोड्याच काळात 'दुरुस्त' आणि 'नादुरुस्त' असे दोन तट पडले. बी. सी. कांबळे यांचा गट घटनेच्या चौकटीवर भर देणारा. दादासाहेबांचे म्हणणे असे, की आपला माणूस भूमिहीन आहे, त्याच्या भाकरीसाठी डाव्यांबरोबरही लढावे लागले तर लढू.

ते नुसते बोलून थांबले नाहीत. १९५९ साली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. १९६४ साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींना मागण्यांची सनद दिली आणि ६ डिसेंबरला, महापरिनिर्वाणदिनी, देशभर सत्याग्रह सुरू केला. तीन लाखांवर माणसे तुरुंगात गेली असे सांगतात. मागण्या काय होत्या बघा : पडीक जमीन कसणाऱ्याला द्या, धान्याचे भाव आवरा, किमान वेतन द्या, झोपडपट्टी सुधारा, बौद्धांना सवलती द्या, संसदेत बाबासाहेबांचे तैलचित्र लावा. गिरणगावात आलेले आपले वाडवडील गावी जमीन नाही म्हणूनच आले ना! मग हा लढा खेड्यातला, आपला नाही, असे कसे म्हणायचे?

१९६२ ते १९६८ ते राज्यसभेत होते. १९६७ साली त्यांनी काँग्रेसशी समझोता केला. त्यावर तेव्हाही टीका झाली, आजही होते. सत्तेच्या दाराशी गेल्याने पुढे पक्षाची ताकद घटली, हे नाकारून चालणार नाही. पण एका समझोत्यावरून चाळीस वर्षांचे काम मोजायचे का, हेही विचारले पाहिजे. २९ डिसेंबर १९७१ ला ते गेले.

तैलचित्र लागले आणि केंद्राने बौद्धांच्या सवलती मान्य केल्या त्या १९९० साली, म्हणजे सव्वीस वर्षांनी. २००४ पासून भूमिहीनांना जमीन देणारी सरकारी योजना त्यांच्याच नावाने आहे. जमीन मागितली म्हणून जो तुरुंगात गेला, त्याचेच नाव सरकारला घ्यावे लागले! पण किमान वेतन आणि झोपडपट्टी? गिरण्या गेल्या, टॉवर आले, कंत्राटी कामगाराची मागणी तीच राहिली.

तरुणांनो, पुतळ्याला हार जरूर घाला. पण ती सनदही विहारात बसून एकदा वाचा. आणि पुढारी गट घेऊन दारात आले, तर त्यातल्या कुठल्या मागणीसाठी आलात, एवढे त्यांना विचारा.

जय भीम! नमो बुद्धाय!