हौशी छायाचित्रकार आणि आदिलाबादचे गोंड

कॅमेरा हाती आला की हौशी माणसाच्या मनात पहिला विचार येतो तो यंत्राचा. भिंग अधिक चांगले असते, यंत्र अधिक महागाचे असते, तर आपली छायाचित्रे नक्कीच सुधारली असती, अशी त्याची समजूत असते. ही समजूत छायाचित्रणाच्या छंदाइतकीच जुनी आहे; आणि ती अपुरी आहे, हे दाखवून देणारा इतिहासही जुनाच आहे. या इतिहासाचा एक धागा मुंबईत सुरू होतो आणि हैदराबाद संस्थानातून जात आदिलाबादच्या सागवानी डोंगरांपर्यंत पोहोचतो.

छायाचित्रणाचा शोध युरोपात १८३९ साली जाहीर झाला आणि लवकरच तो हिंदुस्थानात आला. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना झाली. लष्करी अधिकारी, मुलकी अंमलदार, डॉक्टर आणि व्यापारी असे तिचे सभासद होते. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्यांतील एक उत्साही सभासद. व्यवसाय वैद्यकीचा आणि ओढ कॅमेऱ्याची, असा हा गृहस्थ हौशी छायाचित्रकारांच्या परंपरेत अगदी आरंभी उभा आहे.

त्या काळी हा छंद सोपा मात्र नव्हता. काचेवर कलोडियनचा लेप द्यावयाचा, काच ओली असतानाच चित्र घ्यावयाचे आणि ती सुकण्यापूर्वीच अंधाऱ्या तंबूत धुऊन काढावयाची, अशी सारी धांदल असे. काचा, बाटल्या, तंबू आणि तिकटी हे सामान वाहण्यासाठी बैलगाडी लागे. छापखान्यात छायाचित्रे छापण्याची सोय अद्याप निघाली नव्हती. तरीही १८५६ ते १८५८ या काळात मुंबईत ‘द इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक आल्बम’ हे मासिक निघत असे. त्याच्या प्रत्येक अंकात मूळ छायाचित्रे डकवलेली असत. हौसेला मोल नाही म्हणतात, त्याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण!

पण या हौसेला दुसरी बाजूही होती. लॉर्ड कॅनिंग आणि त्यांच्या पत्नी यांना या देशातील लोकांची छायाचित्रे आठवण म्हणून संग्रही हवी होती. छायाचित्रणाची आवड असलेले अधिकारी आपापल्या मुलखातून चित्रे पाठवू लागले. १८५७ च्या उठावानंतर या खासगी संग्रहाचे सरकारी कामात रूपांतर झाले, आणि १८६८ ते १८७५ या वर्षांत ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा आठ खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातील चित्रे तंत्राच्या दृष्टीने वाईट नाहीत. माणूस स्थिर आहे, चेहरा स्पष्ट आहे, वस्त्रांच्या चुण्याही मोजता येतात. मात्र चित्राखाली बहुधा जातीचे किंवा जमातीचे नाव आहे, त्या माणसाचे नाही. पेटीत टाचणीने टोचलेल्या फुलपाखराप्रमाणे तो तेथे नमुना म्हणून उभा आहे. यंत्र उत्तम, प्रकाश पुरेसा आणि हात सराईत. तरी चित्रातून माणूस निसटला.

आदिलाबाद ज्या हैदराबाद संस्थानात होते, तेथे हा छंद एका निराळ्या वाटेने पोहोचला. लाला दीन दयाळ हे रुरकीस शिकलेले आणि इंदूर येथे बांधकाम खात्यात नोकरीस असलेले गृहस्थ. १८७० च्या दशकात त्यांनी हौस म्हणून कॅमेरा हाती घेतला. पुढे नोकरी सोडून ते सहावे निजाम महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार झाले. राजवाडे, शिकारी, मेजवान्या आणि सरदार यांचे वैभव त्यांच्या चित्रांत पाहावयास मिळते. परंतु दरबाराचा छायाचित्रकार दरबाराच्या नजरेने पाहतो. संस्थानाच्या उत्तर टोकाला, पैनगंगा आणि वर्धा या नद्यांच्या अलीकडे राहणारा गोंड शेतकरी त्या नजरेच्या टप्प्यात सहसा येत नसे.

तो टप्प्यात आला १९४० नंतर, आणि त्याचे कारण दुःखद होते. जमिनी परक्यांच्या हाती चालल्या होत्या आणि जंगलखात्याचा जाच वाढला होता. कुमरम भीम याच्या नेतृत्वाखाली गोंड उठले, आणि १९४० साली जोडेघाट येथे पोलिसांच्या गोळीबारात भीम व त्याचे साथीदार मारले गेले. या असंतोषाची मुळे शोधण्याचे काम निजाम सरकारने क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाकडे सोपविले. हायमेनडॉर्फ यांचा जन्म १९०९ चा, व्हिएन्नाचा. ऑस्ट्रिया जर्मनीत विलीन झाल्यामुळे त्यांच्याजवळ पारपत्र जर्मनीचे होते. महायुद्ध सुरू होताच ते शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले आणि त्यांच्यावर हैदराबाद संस्थानातच राहण्याचे बंधन आले. संस्थानातील चेंचू आणि कोंडा रेड्डी या जमातींचा अभ्यास करून ते आदिलाबादेस आले आणि पत्नी बेटी यांच्यासह मार्लवाई या गोंड खेड्यात राहिले.

हायमेनडॉर्फ यांचा धंदा छायाचित्रणाचा नव्हता. त्या अर्थाने तेही हौशीच होते. परंतु ते नुसते येऊन गेले नाहीत, राहिले. गोंडी भाषा शिकले. त्यांच्या संग्रहात पर्सा पेनची पूजा आहे, दिवाळीतील दंडारीचे नाच आहेत, किकरी वाजवून कुळाच्या कथा गाणारे परधान आहेत आणि त्यांच्या जोडीला रोजचे साधे कामकाजही आहे. सण पाहुण्याला पाहावयास मिळतो. रोजचे जिणे मात्र शेजाऱ्यालाच दिसते. १९४८ साली ‘द राज गोंड्स ऑफ आदिलाबाद’ हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. मार्लवाईत १९४३ साली शिक्षकांसाठी केंद्र सुरू झाले आणि गोंडी भाषेची पहिली वाचनपुस्तके देवनागरी लिपीत निघाली, ही गोष्ट मराठी माणसाला आवर्जून सांगण्याजोगी आहे.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. हायमेनडॉर्फ सरकारने पाठविलेले होते, आणि पुढे ते निजाम सरकारचे आदिवासीविषयक सल्लागार झाले. ज्याच्या शब्दाने जमिनीचा पट्टा मिळू शकतो, त्याच्या कॅमेऱ्यापुढे उभे राहण्यास नकार देणे गरिबाला सोपे नसते. तेव्हा त्या चित्रांतील प्रत्येक स्मित हे मोकळ्या मनाचेच आहे, असे समजण्याचे कारण नाही. तरीही त्या साऱ्या चित्रांत सहवासाचा गुण आहे, आणि तो कोणत्याही भिंगाने विकत मिळत नाही.

आजचा हौशी छायाचित्रकार यातून काय घेऊ शकतो, हे श्रोत्यांना एका उदाहरणाने सांगता येईल. दिवाळीच्या दिवसांत या भागात गुसाडीचा नाच होतो. नर्तकाच्या मस्तकावर मोरपिसांचा भव्य टोप आणि अंगाला राख असते. नवखा माणूस भर दुपारी तेथे पोहोचतो आणि लख्ख उन्हात चित्रे घेतो. घरी येऊन पाहतो, तो टोप झगझगीत आणि त्याखालचा चेहरा काळ्या सावलीत बुडालेला! तोच नाच सकाळी किंवा सायंकाळी टिपला, तर तिरपा प्रकाश टोपाखाली शिरतो आणि डोळे दिसू लागतात.

दुसरी अडचण पांढऱ्या फेट्याची. सावळा चेहरा आणि शुभ्र फेटा एकाच चौकटीत असले, की यंत्राचा प्रकाशाचा अंदाज चुकतो. फिल्मच्या काळात सावलीतील चेहरा कमी प्रकाशात टिपला गेला, तर त्यातील तपशील कायमचा जाई. म्हणून प्रकाश चेहऱ्यावर मोजावा असा नियम होता. आजच्या डिजिटल यंत्रात उलटा धोका असतो. फेट्याचा पांढरेपणा एकदा मर्यादेबाहेर गेला, की त्याची वीण परत मिळत नाही. म्हणून चेहरा आणि फेटा दोन्ही सांभाळावयाचे, तर माणसाला झाडाच्या किंवा ओसरीच्या मोकळ्या सावलीत बसवावे. हा उपाय फुकटचा आहे, आणि त्यामुळे बसणाऱ्यालाही उन्हाचा ताप होत नाही.

तिसरी गोष्ट अंतराची. दुरून मोठ्या भिंगाने टिपलेला चेहरा हा बहुधा चोरून घेतलेला चेहरा असतो. जवळ जावे, आधी बोलावे, विचारावे, आणि नकार मिळाला तर कॅमेरा खाली ठेवावा. पुष्य अमावास्येला केस्लापूर येथे मेस्राम कुळाची नागोबाची जत्रा भरते. त्यासाठी गोदावरीचे पाणी पायी चालत आणले जाते. ज्याने या वाटेवर दोन कोस सोबत केली, त्याचे चित्र जत्रेत धक्के खात घेतलेल्या शंभर चित्रांहून सरस उतरेल, यात शंका नाही.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. हायमेनडॉर्फ यांची हजारो छायाचित्रे आज लंडन विद्यापीठाच्या प्राच्यविद्या संस्थेत जतन केलेली आहेत आणि बरीचशी संगणकावर पाहता येतात. बेटी यांचे १९८७ साली आणि हायमेनडॉर्फ यांचे १९९५ साली निधन झाले. दोघांच्या समाध्या मार्लवाईतच आहेत. २०१६ साली जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले आणि मार्लवाई आता आसिफाबादकडे गेले. त्याच गावचे गुसाडी नर्तक कनक राजू यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. म्हणजे नाच गावात राहिला आणि त्याची जुनी चित्रे मात्र समुद्रापार. आपला आजोबा तरुणपणी कसा दिसत असे, हे पाहण्यासाठी नातवाने परक्या देशाच्या दप्तरात शोध घ्यावा, हा न्याय नव्हे.

ही उणीव भरून काढण्याचे सामर्थ्य आज प्रत्येक हौशी माणसाच्या खिशात आहे. ज्याचे चित्र घेतले, त्याला त्याची छापील प्रत पोहोचवावी. दुसऱ्या प्रतीच्या पाठीमागे त्याचे नाव, गाव, दिवस आणि वर्ष त्याच्या संमतीने लिहून ठेवावे. ‘एक गोंड वृद्ध’ असे लिहिले, तर दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या आठ खंडांत आणखी एका पानाची भर पडेल. नाव लिहिले, तर एका घराला आपला पूर्वज सापडेल. प्रत पोहोचविण्यासाठी पुन्हा त्या गावी जावे लागते, आणि दुसऱ्या खेपेस त्याच ओसरीवर घेतलेले चित्र पहिल्यापेक्षा नेहमीच चांगले उतरते.