‘संदर्भ हवा’ : नामांतराचा इतिहास कोणाच्या कागदावर?

विकिपीडियावर आपल्या चळवळीबद्दल एखादे वाक्य लिहिले की अनेकदा त्यामागे शेरा लागतो – ‘संदर्भ हवा’. संदर्भ दिला नाही तर वाक्य उडते. मग आपली तरुण पोरे चिडतात, ‘इथेही मनुवादीच बसलेत’ म्हणतात आणि सोडून देतात. या रागात तथ्य आहे, पण अर्धेच. उरलेले अर्धे नामांतराच्या लढ्याकडे पाहिल्यावर कळते.

२७ जुलै १९७८ रोजी महाराष्ट्र विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला. त्यावेळी मराठवाड्यात पाचच जिल्हे होते आणि आपले भूम त्यातल्या उस्मानाबादेत. ठरावानंतर गावोगाव दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. नाव प्रत्यक्षात लागले ते १४ जानेवारी १९९४ रोजी, तेही नामांतर नव्हे, नामविस्तार म्हणून.

आता हा इतिहास विश्वकोशात कोणत्या आधारावर लिहायचा? तिथला नियम असा की माहिती प्रकाशित, विश्वासार्ह आणि विषयापासून स्वतंत्र स्रोतात आलेली असावी. ज्या आजीने स्वतःचे घर जळताना पाहिले, तिचा शब्द तिथे पुरावा ठरत नाही. नियम सर्वांना सारखा आहे, पण छापखाना सर्वांकडे सारखा नव्हता. त्या काळी या भागातले वजनदार दैनिक होते ‘मराठवाडा’. त्याचे संपादक अनंत भालेराव हैदराबाद मुक्तिसंग्रामातले मोठे नाव, पण नामांतराला त्यांचा उघड विरोध होता. म्हणजे वादातला पक्षकारच उद्या साक्षीदार म्हणून उभा राहतो, आणि जिचे घर जळाले तिच्याकडे मात्र कागद मागितला जातो!

दुसरा वाद हितसंबंधांचा. ज्याचा विषयाशी पैशाचा, पदाचा किंवा जवळच्या नात्याचा संबंध आहे त्याने ते पान थेट लिहू नये, चर्चा पानावर सुचवावे, असे विकिपीडिया सांगतो. हे योग्यच आहे. पण ‘तुम्ही दलित आहात, म्हणून नामांतरावर तटस्थ लिहू शकत नाही’ असे कोणी म्हणाले तर त्याला विचारा – मग सवर्ण संपादक तटस्थ कसा? जातीत जन्मणे हा हितसंबंध धरला तर जातीवर लिहायला या देशात कोणीच उरणार नाही.

मित्रांनो, याच नियमांत आपली हत्यारेही आहेत. एकांगी स्रोत वापरता येतो, पण ते मत कोणाचे आहे हे वाक्यातच सांगावे लागते. म्हणून नामांतरविरोधी अग्रलेखाचा आधार कोणी घेतला तर ‘नामांतराला विरोध करणाऱ्या दैनिकाच्या मते’ एवढे शब्द घालण्याचा आग्रह धरा. इंग्रजी विकिपीडियावर तर ब्रिटिश अधिकाऱ्यांनी लिहिलेली जुनी जातिवर्णने जातीविषयक पानांवर विश्वासार्ह मानत नाहीत. स्रोताचीही उलटतपासणी होते, फक्त ती करायला कोणीतरी बसावे लागते.

आपल्या आधीच्या कार्यकर्त्यांनी हे ओळखले होते. अत्याचार विरोधी समितीने मराठवाड्यातल्या दंगलीची माहिती गोळा केली आणि तिचा अहवाल १२ मे १९७९ च्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त छापून आला. आज त्या अत्याचारांवर लिहिताना ‘संदर्भ हवा’ म्हणणाऱ्यासमोर तो अहवाल ठेवता येतो. त्या कार्यकर्त्यांनी नुसत्या घोषणा दिल्या असत्या तर त्या हवेत विरून गेल्या असत्या.

आणि जो निकष दुसऱ्याला, तोच आपल्याला. भीमा कोरेगावचेच घ्या. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत कंपनीच्या तुकडीत सुमारे ८०० जण होते, आणि ते सगळेच महार नव्हते. तरी ‘५०० महारांनी २८ हजारांना कापले’ असे आपण लिहितो आणि विरोधकाच्या हाती आयते कोलीत देतो. वास्तविक विजयस्तंभावर २२ महार सैनिकांची नावे कोरलेली आहेत. अस्पृश्य म्हणून हिणवलेल्यांनी तिथे रक्त सांडले, हे सांगायला तो दगड पुरेसा आहे. आकडा फुगवला की खरा पुरावाही संशयात सापडतो. बाबासाहेबांनी ‘द अनटचेबल्स’च्या (१९४८) प्रस्तावनेत, जिथे इतिहासाचे दुवे तुटलेले आहेत तिथे आपण तर्काने ते जोडत आहोत, हे लपवले नाही. तर्काला तर्क म्हणण्याची ही शिस्त आपली आहे. आपल्याच संघटनेचे, आपल्याच नेत्याचे गौरवपान आपणच लिहिणे त्या शिस्तीत बसत नाही.

मग करायचे काय? आपल्याच जिल्ह्यातल्या कसबे तडवळ्यात फेब्रुवारी १९४१ मध्ये बाबासाहेबांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद झाली. १९७८ चे दिवस पाहिलेली माणसे आजही भूम तालुक्यातल्या वस्त्यांत आहेत. त्यांच्याजवळ बसा. गाव, तारीख, साल विचारून नोंदवा. घरातली पत्रके, निमंत्रणे, फिर्यादीच्या नकला जपा. पण नुसते व्हॉट्सॲपवर टाकून थांबू नका, आणि स्वतःच छापलेली पुस्तिकाही विकिपीडियावर सहसा चालत नाही. नियतकालिकात लेख द्या. एम.ए., पीएच.डी. करणाऱ्यांनी हाच विषय घ्यावा. ज्या विद्यापीठाच्या नावासाठी माणसे मेली, त्याचे उपकेंद्र धाराशिवला आहे. त्या लढ्याचा जिल्ह्यातला इतिहास तिथल्या प्रबंधात यायला नको का?

विकिपीडियावर भांडायला जरूर जा, पण हातात कागद घेऊन जा. ही पिढी गेल्यावर ‘संदर्भ हवा’ म्हटले गेले, तर उत्तर द्यायला साक्षीदार उरणार नाही.

जय भीम!