कोळशावरची वर्गणी

स्मरणिकेत इतिहासाचा लेख म्हटला की असीरगड, कुंडी भंडारा, शहाजहान-मुमताज हे विषय येणार हे आपण सगळे धरून चालतो. ते विषय मोठेच आहेत आणि त्यावर लिहिणारे जाणकार मंडळात आहेत. आम्ही यंदा फार जवळचा, पंधरा वर्षांचा इतिहास घेतला आहे. तो निंबोल्यापासून बुऱ्हाणपूरपर्यंत प्रत्येक घराच्या विजेच्या बिलात होता, पण बिलावर कधी छापून आला नाही.

आपल्या भागाला कोळशाची ओळख आगगाडीने करून दिली. मुंबईहून भुसावळ, खंडवा, इटारसी, जबलपूर असा मार्ग १८७० साली कलकत्त्याकडच्या लोहमार्गाला जोडला गेला आणि इंजिनाच्या भट्टीतून कोळसा निमाडात आला. पुढे नेपाचा कागद कारखाना उभा राहिला, १९५६ साली पंडित नेहरूंच्या हस्ते तो राष्ट्राला अर्पण झाला. त्याच्या विजेसाठी चांदनीला औष्णिक वीजघर होते. आज चांदनीच्या वीजघराची आठवण जुन्या माणसांनाच उरली आहे. आता आपल्या भागातले एक मोठे वीजघर म्हणजे खंडवा जिल्ह्यातले श्री सिंगाजी, २५२० मेगावॅटचे. निमाडच्या संताचे नाव कोळशाच्या वीजघराला मिळाले आहे. बुऱ्हाणपूरचे यंत्रमाग आणि केळीच्या बागांचे पंप ज्या जाळ्यातून वीज घेतात, त्यात अशाच वीजघरांचा वाटा सर्वांत मोठा.

एक युनिट वीज करायला आपल्याकडे साधारण साडेसहाशे ते सातशे ग्रॅम कोळसा जळतो आणि जवळजवळ एक किलो कार्बन डायऑक्साइड धुराड्यातून वर जातो. हा वायू कमी करायचा तर काय करावे, यावर सरकारने संशोधनाला पैसा द्यावा, हा विचार आपल्याकडे थोडा उशिरा आला. त्याआधीचा विचार होता इंधन वाचवण्याचा. १९७३ साली अरब देशांनी तेलाचे भाव चढवले तेव्हा सरकारला जाग आली. १९७८ साली पेट्रोलियम संवर्धन संशोधन संस्था निघाली. इंडियन ऑइलच्या संशोधकांनी तयार केलेला ‘नूतन’ हा वातीचा स्टोव्ह त्याच काळातला. रॉकेलच्या रांगेत ज्यांनी डबा धरून तास काढले, त्यांना कमी रॉकेलमध्ये तेवढाच स्वयंपाक होणे म्हणजे काय हे सांगायला नको. संशोधनावर झालेला लहानसा सरकारी खर्च थेट चुलीपाशी पोचल्याचे इतके चांगले उदाहरण आम्हांला दुसरे आठवत नाही.

कोळशाचे मात्र तसे झाले नाही, आणि त्याला कारण आपला कोळसाच आहे. वीजघरांत जळणाऱ्या भारतीय कोळशात ३५ ते ४५ टक्के राख असते. युरोप-अमेरिकेत तयार झालेले यंत्र इथे आणून बसवले की राखेने त्याचे आतडे भरते. म्हणून १९८० च्या दशकात भेलने तिरुचिरापल्लीला ६.२ मेगावॅटचे एक छोटे संयंत्र उभारले. त्यात कोळसा सरळ न जाळता आधी त्याचा वायू करायचा आणि त्या वायूवर वीज करायची. प्रयोग यशस्वी झाला. पण ६.२ मेगावॅटवरून शेकडो मेगावॅटवर जायला जो पैसा आणि जो धीर लागतो, तो आला नाही. परदेशात पैसा होता, पण तिथेही भरवसा नव्हता. धूर जमिनीत पुरणारे ‘फ्यूचरजेन’ नावाचे वीजघर बांधायचे अमेरिकेने २००३ साली जाहीर केले. २००६ साली त्यात सरकारी भागीदार म्हणून सामील होणारा पहिला देश भारत होता, एक कोटी डॉलर द्यायचे आपण कबूलही केले होते. २००८ साली अमेरिकेने तो प्रकल्प मोडला, मग नव्या रूपात उभा केला आणि २०१५ साली पुन्हा गुंडाळला.

या पार्श्वभूमीवर २६ फेब्रुवारी २०१० चे अंदाजपत्रक आले. अर्थमंत्री प्रणव मुखर्जी यांनी देशात निघणाऱ्या आणि बाहेरून येणाऱ्या कोळशावर टनामागे ५० रुपये उपकर लावला आणि त्यातून ‘राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधी’ उभारायचे जाहीर केले. निधीचा हेतू स्वच्छ ऊर्जेतले संशोधन आणि अभिनव प्रकल्प असा सांगितला होता. कल्पना आम्हांला आजही उत्तम वाटते. धूर करणाऱ्यानेच धुरावर उपाय शोधायची वर्गणी द्यायची. १ जुलै २०१० पासून वसुली सुरू झाली. २०१४ साली दर १०० रुपये झाला, २०१५ साली २०० आणि २०१६ साली ४००, आणि नाव बदलून ‘स्वच्छ पर्यावरण उपकर’ झाले.

टनाला ४०० म्हणजे किलोला ४० पैसे. साडेसहाशे ग्रॅमचा हिशेब धरला तर युनिटमागे २६ पैसे. ज्या घरात महिन्याला १५० युनिट वीज लागते आणि ती सगळी कोळशाची धरली, तर महिन्याला ३९ रुपये झाले. वीज कंपनीने कोळशाचा खर्च म्हणून तो आपल्याच दरात घातला. माग चालवणाऱ्याचा आकडा याच्या कितीतरी पट. म्हणजे वर्गणी खाणीवर लावलेली दिसली तरी दिली आपणच.

आता सरकारी हिशेबाची एक खुबी सांगितली पाहिजे, कारण सारे पाणी तिथेच मुरते. उपकर वसूल झाला की तो आधी देशाच्या एकत्रित निधीत, म्हणजे मोठ्या तिजोरीत, जमा होतो. तिथून खास निधीत तो वळता करायला दरवर्षी संसदेची वेगळी मंजुरी लागते. जेवढे वळते होईल तेवढेच त्या कामाला. उरलेला पैसा मोठ्या तिजोरीत बाकी पैशांत मिसळून जातो. शिवाय उपकराचा वाटा राज्यांना द्यावा लागत नाही, म्हणून दिल्लीला कर वाढवण्यापेक्षा उपकर वाढवणे नेहमीच गोड वाटते.

२०१०-११ ते २०१७-१८ या काळात या उपकराचे ८६,४४० कोटी रुपये जमले. निधीत वळते झाले २९,६५४ कोटी. प्रकल्पांना प्रत्यक्ष मिळाले १५,९११ कोटी. जमलेल्या शंभर रुपयांतले अठरा. त्यातलेही बरेच पैसे नवीन ऊर्जा मंत्रालयाच्या चालू योजनांना, सौर प्रकल्पांना, वीज वाहून नेणाऱ्या तारांना गेले, काही गंगा स्वच्छतेला. ही कामे वाईट नव्हती. पण प्रयोगशाळेत बसून राखेच्या कोळशावर डोके चालवणाऱ्याच्या हाती त्यातले काय आले, हे शोधायला भिंग घ्यावे लागते.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि उरलेली दोरीही कापली गेली. कोळशावरचे ४०० रुपये तसेच राहिले, पण आता त्यांचे नाव ‘जीएसटी भरपाई उपकर’ झाले. जीएसटीमुळे राज्यांचे जे उत्पन्न बुडेल ते भरून द्यायला हा पैसा. करोनाच्या दोन वर्षांत भरपाईला पैसे पुरले नाहीत म्हणून केंद्राने राज्यांसाठी कर्ज काढले आणि पुढे हाच उपकर ते फेडण्यात गेला. स्वच्छ ऊर्जेच्या नावाने सुरू झालेली वर्गणी शेवटी कर्जाचे हप्ते भरत होती. यावर आम्ही फार आवाज करू नये हे खरे, कारण भरपाईचा पैसा ज्या राज्याच्या तिजोरीत आला तिथूनच आमचा पगार निघतो. पण गणपतीची वर्गणी गोळा करून कुणी त्यातून चावडीचे छप्पर शाकारले, तर छप्पर गावाचेच असल्याने त्याला चोर म्हणता येत नाही, आणि तरीही पुढच्या वर्षी पावती फाडताना लोक विचारतातच.

२२ सप्टेंबर २०२५ पासून तो उपकर उठला. त्याऐवजी कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला. ‘स्वच्छ’ हा शब्द आठ वर्षांपूर्वीच गळाला होता, आता ते ४०० रुपयेही इतिहासजमा झाले.

या काळात संशोधनाला काहीच मिळाले नाही असे मात्र नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये केंद्राने १,५५४ कोटींच्या एका संशोधन प्रकल्पाला मंजुरी दिली. भेल, एनटीपीसी आणि कल्पक्कमचे इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्र यांनी मिळून ७०० अंशांहून तापलेली वाफ झेलणारे बॉयलर आणि टर्बाइन तयार करायचे. जुन्या वीजघरात कोळशातल्या उष्णतेपैकी जेमतेम ३५ टक्क्यांची वीज होते, इथे ४६ टक्क्यांपर्यंत जायचे लक्ष्य. हिशेब केला तर तेवढ्याच विजेला जवळजवळ पाव हिस्सा कोळसा कमी. या तापमानाला साधे पोलाद मऊ पडते, म्हणून निकेलच्या मिश्रधातूवर बरीच मेहनत करावी लागली. अंतर किती आहे हे पाहायला लांब जायला नको. आपल्या सिंगाजीच्या पहिल्या टप्प्यातले ६०० मेगावॅटचे संच जुन्या पद्धतीचे, दुसऱ्या टप्प्यातले ६६० चे त्याच्या पुढच्या पायरीचे, आणि हे संशोधन त्याच्याही वरच्या पायरीसाठी. आपले राज्य आणखी एका प्रयोगाचे ठिकाण आहे. सिंगरौलीजवळ विंध्याचलच्या वीजघरात एनटीपीसीने २०२२ साली धुरातून रोज २० टन कार्बन डायऑक्साइड वेगळा करणारे संयंत्र सुरू केले, त्यापासून मिथेनॉल करायचे म्हणून. ४७६० मेगावॅटचे ते वीजघर पूर्ण भाराने चालले तर सेकंदाला सव्वा टनाहून जास्त वायू सोडते. म्हणजे दिवसभराची पकड ही पंधरा-सोळा सेकंदांच्या धुराएवढी. हसण्यासारखा आकडा वाटतो खरा, पण तिरुचिरापल्लीचे ६.२ मेगावॅटही असेच लहान होते.

आम्हांला सर्वांत जास्त रस वाटतो तो मुंबईच्या कामात. २०२२ साली केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने कार्बन पकडण्याच्या संशोधनासाठी दोन राष्ट्रीय केंद्रांना पैसा दिला. एक बंगळूरला, दुसरे पवईच्या आयआयटीत. पवईच्या संशोधकांच्या विषयांत एक आहे दख्खनचा काळा पाषाण. असीरगड ज्यावर उभा आहे तोच बेसाल्ट. आपली काळी माती, तिच्यातला कापूस, केळी, सगळे याच दगडाचे देणे. या दगडात कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह भरपूर असते. पाण्यात मुरवलेला कार्बन डायऑक्साइड त्यात खोल सोडला तर तो या धातूंशी मिळून चुनखडीसारखा दगड होऊन बसतो. विहीर खोदताना काळ्या खडकाच्या पोकळीत पांढरे स्फटिक सापडतात, त्यांतले काही निसर्गाने याच रीतीने केलेले आहेत. आइसलँडमध्ये २०१२ साली हा प्रयोग केला तेव्हा सोडलेल्या वायूपैकी ९५ टक्क्यांहून अधिक दोन वर्षांत दगड झाला.

मात्र आइसलँडच्या त्या पद्धतीत एक टन वायू पुरायला सुमारे २५ टन पाणी लागते. तिथे पाणी मुबलक. आपल्याकडे उन्हाळ्यात केळी जगवायला बोअर किती खोल न्यावे लागतात ते निंबोल्यात कुणालाही विचारा. शिवाय त्यांचा बेसाल्ट भूगर्भशास्त्राच्या हिशेबाने कालचा, ताजा. आपला सहा-साडेसहा कोटी वर्षांचा. त्यातल्या कित्येक फटी आणि पोकळ्या आधीच भरून गेल्या आहेत. त्यात सातपुडा आणि ताप्तीचे खोरे हा भ्रंशांचा पट्टा. कमी पाण्यात, जुन्या दगडात, भ्रंशाच्या शेजारी हे जमेल का, याचे उत्तर आइसलँडहून मागवता येणार नाही, जसे राखेच्या कोळशाचे उत्तर अमेरिकेहून आले नाही. त्यासाठी दख्खनमध्येच खोल भोके पाडावी लागतील, वर्षानुवर्षे नमुने तपासावे लागतील, आणि ते करणाऱ्यांना दरवर्षी पुढच्या हप्त्याची वाट पाहत बसावे लागू नये एवढी तरतूद लागेल. आठ वर्षांत जमलेल्या त्या ८६,४४० कोटींचा शंभरावा भाग म्हणजे ८६४ कोटी.